गाडीचा गल्ला वेगळा ठेवा!

आठवडी बाजारात कापड, चपला किंवा मसाले घेऊन जाणारा व्यापारी असो, घडवलेले फर्निचर गिऱ्हाइकाकडे पोचवणारा सुतार असो की वेल्डिंगचे सामान घेऊन कामावर जाणारा कारागीर असो, गाडीवाचून आज कोणाचाच धंदा नीट चालत नाही. नवी गाडी घेण्याची ऐपत सर्वांची नसते. म्हणून दहा-पंधरा वर्षे वापरलेली मारुती व्हॅन किंवा छोटा टेम्पो घेतला जातो. हीच गाडी पहाटे माल वाहते, दुपारी मुलांना शाळेतून आणते आणि ईदला सगळ्या कुटुंबाला नातेवाइकांकडे घेऊन जाते.

अशी गाडी बंद पडली की दोन्हीकडून फटका बसतो. एक तर बाजार बुडतो, म्हणजे त्या दिवसाची कमाई जाते. दुसरे म्हणजे दुरुस्तीचे बिल भागवण्यासाठी घरातला पैसा बाहेर निघतो. मुलीच्या फीसाठी ठेवलेले, आईच्या औषधाचे, किराण्याचे असे जे हाताशी असेल ते गॅरेजमध्ये जाते. मग घरात कुरबूर सुरू होते आणि दोष नशिबाला दिला जातो.

खरे पाहता गाडीने अचानक काहीच मागितलेले नसते. टायर रोज झिजतो, क्लच प्लेट रोज घासते, बॅटरी दिवसेंदिवस कमजोर होत असते. खर्च रोज होतो, बिल मात्र एका दिवशी हातात पडते. ज्या व्यापाऱ्याला हे उमगले, तो रोजच्या गल्ल्यातून गाडीचा वाटा रोजच बाजूला काढतो. ज्याला उमगले नाही, त्याच्या घरखर्चातून गाडी चालते.

किलोमीटरमागे हिशेब

हा वाटा किती असावा? उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. यातील आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. आपल्या जुन्या बिलांवरून प्रत्येकाने आपले आकडे घालावेत.

समजा व्हॅन दिवसाला ६० किलोमीटर चालते आणि महिन्यातून २५ दिवस फिरते. म्हणजे महिन्याला १,५०० आणि वर्षाला १८,००० किलोमीटर झाले. चार टायर १२,००० रुपयांना आले आणि ४०,००० किलोमीटर चालले, तर किलोमीटरला ३० पैसे पडले. ऑईल आणि फिल्टरला दर ५,००० किलोमीटरला १,५०० रुपये लागले, तर आणखी ३० पैसे. क्लचचे १० पैसे, ब्रेकचे १० पैसे आणि बॅटरीचे ८ पैसे धरा. विमा, पीयूसी वगैरे कागदपत्रांना वर्षाला ५,४०० रुपये लागत असतील, तर त्याचेही ३० पैसे होतात. एकूण १ रुपया १८ पैसे झाले. अनपेक्षित कामासाठी ३२ पैसे वाढवले की दीड रुपया होतो.

दिवसाला ६० किलोमीटर म्हणजे रोज ९० रुपये. हे पेट्रोलव्यतिरिक्त आहेत. संध्याकाळी गल्ला मोजताना हे ९० रुपये आधी वेगळ्या डब्यात टाकावेत आणि डबा घरातल्या मंडळींच्या ताब्यात द्यावा. घरच्या बाईला गाडीचा खर्च ठाऊक असला, तर ऐनवेळच्या बिलावरून भांडण होत नाही. वर्षाअखेर त्या डब्यातून २७,००० रुपये फिरलेले असतील. हीच रक्कम एकदम काढायची म्हटली, तर आपल्यापैकी कितीजणांना जमेल?

डब्यासोबत एक वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, काय काम झाले आणि किती रुपये लागले, एवढी नोंद पुरे. बॅटरी आणि टायरची वॉरंटी कार्डे त्याच वहीत ठेवावीत. वॉरंटीत असलेली बॅटरी केवळ कार्ड हरवल्यामुळे पैसे देऊन बदलावी लागली, असे पुष्कळदा घडते.

आधी जीव, मग इंजिन, मग रोजी, शेवटी शोभा

पैसा थोडा आणि कामे अनेक असली की कोणते काम आधी करावे हा प्रश्न पडतो. क्रम असा ठेवावा. पहिला मान ब्रेक, स्टिअरिंग आणि टायरचा, कारण त्यावर बायको-मुलांचा आणि रस्त्यावरच्या माणसांचा जीव अवलंबून असतो. टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की तो टायर कायद्यानेही चालत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडी छाप असतो. त्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. जुना टायर ‘नवा’ म्हणून गळ्यात मारला जात असेल, तर तो या छापावरून ओळखता येतो.

दुसरा मान ऑईल आणि पाण्याचा. मारुती व्हॅनचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. रेडिएटरचा पाइप फुटला किंवा पाणी गळू लागले तर गाडी तापते. काट्याकडे दुर्लक्ष करून ‘बाजार गाठू, मग बघू’ म्हणत गाडी तशीच दामटली की हेड वाकते, गॅस्केट उडते आणि काहीशे रुपयांचे काम हजारांवर जाते. काटा वर चढला की गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि ते थंड होईपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये. उकळते पाणी उसळून चेहरा भाजतो.

तिसरा मान बॅटरी, बेल्ट आणि क्लचचा, कारण ही मंडळी ऐन बाजाराच्या दिवशी दगा देतात. ईदच्या किंवा लग्नसराईच्या हंगामापूर्वीच ती तपासून घ्यावीत. डेंटिंग-पेंटिंग, सीट कव्हर आणि टेप यांचा नंबर सर्वांत शेवटी.

काटकसरीच्या नावाखाली एक गोष्ट मात्र कदापि करू नये. घरगुती गॅसचा सिलिंडर गाडीला जोडणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय तो मुलांच्या बसण्याच्या जागेशेजारी ठेवलेला बॉम्ब आहे. सीएनजी असल्यास किट आरसी बुकात नोंदवलेले असावे आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट मुदतीत करून घ्यावी.

मिस्त्री आणि मालक

आपल्या वाचकांत गाड्यांचे मालक आहेत, तसे गॅरेज चालवणारे कारागीरही आहेत. दोघांनीही ही गोष्ट लक्षात घ्यावी. काम सुरू करण्यापूर्वी खर्चाचा अंदाज कागदावर लिहावा आणि बदललेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. एवढ्या साध्या रिवाजाने निम्मे संशय मिटतात. असे करणाऱ्या मिस्त्रीचे गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

मालकानेही दर महिन्याला गॅरेज बदलू नये. गाडीचा इतिहास ठाऊक असलेला मिस्त्री कमी खर्चात दोष शोधतो. आणि त्याची मजुरी उधार ठेवू नये, त्यालाही घर आहे. दरवाजा, काच, सीट, बंपर असे पार्ट मुंबईत कुर्ल्यासारख्या जुन्या मालाच्या बाजारातून घ्यायला हरकत नाही. ब्रेकचे पार्ट, बेल्ट आणि टायर मात्र नवेच आणि बिलावरच घ्यावेत. मारुतीने ओम्नीचे उत्पादन २०१९ साली बंद केले. तेव्हा पार्ट घेताना ‘कंपनीचा’ म्हणून नकली माल दिला जात नाही ना, हे पाहावे.

माल आणि मुलेबाळे एकाच गाडीत

ज्या बाबतीत सर्वाधिक गाफीलपणा दिसतो, ती विम्याची बाब आहे. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने गाडी फिरवणे आणि नमुने किंवा स्वतःचे सामान सोडून माल वाहणे याला मुभा नसते. अशा गाडीत धंद्याचा माल भरलेला असताना अपघात झाला, तर भरपाईचा दावा अडकू शकतो. उलट, मालवाहू म्हणून नोंदलेल्या टेम्पोत मागे कुटुंब बसवले, तर त्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले आहे. मालासोबत बसलेल्या मालाच्या मालकाला मात्र कायद्याने संरक्षण आहे.

म्हणून आज घरी गेल्यावर पॉलिसी काढून गाडीचा वापर कोणत्या कामासाठी लिहिला आहे ते वाचावे आणि एजंटला स्पष्ट विचारावे. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत आपल्या गाडीचे नुकसान भरून मिळत नाही, हेही लक्षात असू द्यावे. विमा नसताना पकडले गेल्यास पहिल्या वेळी २,००० आणि पुढच्या वेळी ४,००० रुपये दंड होऊ शकतो.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते, त्यानंतर ती दर ५ वर्षांनी नवी करावी लागते. एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ही फी ५,००० रुपये झाली आणि २० वर्षांवरील मोटारीसाठी २०२५ साली ती १०,००० रुपये करण्यात आली. महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर पर्यावरण करही भरावा लागतो. जुनी गाडी ‘स्वस्तात’ घेताना हा खर्च किमतीत धरूनच सौदा करावा.

कर्जाऐवजी भिशी

डबा भरण्यापूर्वीच मोठे काम निघाले तर? अशा वेळी रोजवसुलीचा सावकार हजर असतो. महिना १० टक्के म्हणजे वर्षाला १२० टक्के झाले. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्यानेच नव्हे, साधा हिशेब येणाऱ्या कोणीही या वाटेला जाऊ नये. त्यापेक्षा एकाच बाजारात बसणाऱ्या दहा विश्वासू व्यापाऱ्यांनी मिळून गाडीदुरुस्तीची भिशी लावावी. ज्याची गाडी बंद, त्याचा नंबर आधी, असे ठरवून घ्यावे. आणि गाडी गॅरेजमध्ये असेल त्या दिवशी त्याचा माल दुसऱ्याने आपल्या गाडीतून न्यावा. बाजार बुडाला नाही, तर बिल फेडणे जड जात नाही.

वर्षाअखेर वही उघडून बेरीज करावी. आठवड्यातून एक-दोनच फेऱ्या होत असतील, तर भाड्याचा टेम्पो स्वस्त पडतो का, हे पडताळावे. पडत असेल, तर गाडी विकण्यात कमीपणा नाही. गाडी ठेवावी की विकावी, हे शेजाऱ्यांच्या नजरेवरून ठरवू नये. ते वहीवरून ठरवावे. गाडी धंद्यासाठी आहे, तेव्हा तिचा खर्च धंद्यानेच उचलला पाहिजे. मुलांची फी आणि आईचे औषध यांना गॅरेजचा हात लागता कामा नये.