पाण्याकाठी ऊन दोनदा येतं

बुलढाणा जिल्ह्यात उन्हाळे दोन असतात, एक घाटावरचा आणि एक घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेल्या बुलढाणा शहरात मे महिन्याची संध्याकाळ निभावून नेता येते. खाली पूर्णेच्या खोऱ्यात, मलकापूर-नांदुरा-शेगावकडे, रात्र पडली तरी भिंतींचा ताव उतरत नाही. स्वप्न मात्र दोन्हीकडे सारखंच: पाण्याकडे तोंड करून ओसरी, समोर तलाव किंवा धरणाचा फुगवटा. येळगाव, नळगंगा, पेनटाकळी, खडकपूर्णा या धरणांच्या आसपास ज्यांची शेती आहे, त्यांना हे स्वप्न परवडूही शकतं. घर उभं राहिलं की पहिल्या उन्हाळ्यातच प्रश्न येतो की ऊन अडवायला लावायचं काय. छज्जा वाढवावा, पत्रा टाकावा, शेडनेट ताणावी, बांबूच्या चिका सोडाव्यात, की हल्ली प्रत्येक कॅटलॉगमध्ये दिसणारं पर्गोला बांधावं?

दुकानात जाण्याआधी या प्रश्नाचं निम्मं उत्तर कागदावर मिळतं. सूर्य कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे असेल हे ठरलेलं आहे आणि ते शाळेतल्या त्रिकोणमितीने काढता येतं.

बुलढाणा साधारण साडेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे तिथे २३ मेच्या सुमारास दुपारी १२ वाजून २२ मिनिटांच्या आसपास सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पायाशीच नाहीशी होते. लोणारला हा शून्य सावलीचा दिवस दोन-तीन दिवस आधी येतो. त्यानंतर २१ जुलैच्या आसपासपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो, फार नाही, जास्तीत जास्त तीन अंश. याउलट डिसेंबरात तो दक्षिणेकडे कलतो आणि भर दुपारीही क्षितिजापासून ४६ अंशांपर्यंतच चढतो.

दक्षिणेच्या खिडकीचं गणित यातून सुटतं. चार फूट उंचीच्या खिडकीवर दीड फुटाचा छज्जा असेल, तर मार्च ते सप्टेंबर भर दुपारचं ऊन काचेला शिवत नाही. तोच छज्जा डिसेंबरात खिडकीच्या वरच्या दीड फुटावर सावली धरतो आणि खालच्या अडीच फुटांतून कोवळं ऊन घरात येऊ देतो. एकही हलणारा भाग नसलेली ही सिमेंटची पट्टी ऋतू ओळखते. विज्ञानातल्या साध्या गोष्टींपैकी इतकी देखणी गोष्ट क्वचितच सापडेल.

याच गणिताने पर्गोलाचीही परीक्षा घ्यावी. पर्गोला म्हणजे उघड्या पट्ट्यांचं छप्पर. भूमध्य समुद्राकाठी, चाळीस अंश अक्षांशाच्या पुढे, सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. तिथे उभ्या धरलेल्या फळीची तिरपी सावली शेजारच्या फळीपर्यंत पोचते आणि मधली फट झाकली जाते. बुलढाण्यात मेच्या दुपारी किरण सरळ खाली पडतात. दोन इंच जाडीच्या फळीची सावली तेव्हा दोनच इंच असते आणि फळ्यांमधली सगळी फट उन्हाला मोकळी राहते. त्यावर वेल चढवावी, तर दोडका, कारलं, वाल यांच्या वेली भरतात पावसाळ्यात आणि एप्रिलमध्ये मांडवावर उरतात काड्या. ज्या महिन्यांसाठी पैसे मोजायचे, त्याच महिन्यांत हे छप्पर उघडं पडतं. छायाचित्र दुसऱ्या अक्षांशावरून आणता येतं, सावली आणता येत नाही.

खरी अडचण पश्चिमेची आहे. मेच्या मध्याला संध्याकाळी पाच वाजता सूर्य क्षितिजापासून जेमतेम २५ अंश वर असतो, पश्चिमेपासून किंचित उत्तरेकडे सरकलेला. चार फुटांची पश्चिमेकडची खिडकी त्या वेळी पूर्ण झाकायची, तर छज्जा आठ फुटांहून अधिक लांब हवा. आठ फुटांच्या छज्ज्याला आपल्याकडे पूर्वीपासून नाव आहे: पडवी. वाड्याच्या पश्चिमेला पडवी काढणाऱ्या गवंड्याने टॅन्जन्टचं कोष्टक पाहिलेलं नव्हतं, पण त्याचं माप या कोष्टकाला धरूनच पडलेलं आहे.

मुंबईत हाच पेच वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्यापुढे होता. १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या ‘कांचनजंगा’ या उंच इमारतीला समुद्र पश्चिमेला, वारा पश्चिमेचा, पण तापलेलं ऊन आणि मारा करणारा पाऊसही पश्चिमेचाच. त्यांनी काच काळी केली नाही. जुन्या बंगल्याचा व्हरांडाच त्यांनी उचलून वर नेला आणि इमारतीच्या कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या कोरल्या. अहमदाबादेत साबरमतीच्या काठावर ल कॉर्बुझिए यांनी १९५४ मध्ये मिलमालक संघाची इमारत बांधली. तिच्यात पश्चिमेच्या काँक्रीटच्या उभ्या पट्ट्या तिरप्या आहेत, तर नदीकडच्या, पूर्वेच्या सरळ. एकाच इमारतीच्या दोन बाजूंना दोन वेगळी उत्तरं, कारण त्या बाजूंचं ऊनही वेगळं.

बुलढाणेकरांना इतकं लांब जायची गरज नाही. सिंदखेडराजाला, जिजाऊंच्या माहेरी, मोती तलावाच्या बांधावर दगडी कमानींची वास्तू आहे आणि चांदणी तलावात तर मधोमधच बांधकाम आहे. जाड दगडी भिंतीतली कमान ही एका अर्थी सगळ्या बाजूंनी खोल असलेली खिडकीच. वरून, डावीकडून, उजवीकडून, कुठूनही तिरपं ऊन आलं तरी भिंतीची जाडी त्याला अडवते.

इथपर्यंत सगळं कोरड्या जमिनीवरच्या घरालाही लागू आहे. पाण्याकाठी मात्र ऊन दुसऱ्यांदा येतं, आणि ते खालून येतं.

कॅरमची सोंगटी ज्या कोनात कडेला आदळते त्याच कोनात परतते, तसा किरण पाण्यावरून उसळतो. किती प्रकाश उसळणार, हे सूर्याच्या उंचीवर ठरतं. सूर्य डोक्यावर असताना शांत पाणी दोनच टक्के प्रकाश परत फेकतं. सूर्य तीस अंशांवर आला की सहा टक्के, वीस अंशांवर तेरा आणि दहा अंशांवर तब्बल पस्तीस टक्के. हा प्रकाश खालून वर चढत असल्यामुळे वरचा छज्जा कितीही लांब असला तरी त्याला अडवू शकत नाही. ओसरीच्या आढ्यावर संध्याकाळी प्रकाशाच्या लाटा नाचतात त्या याच. उष्णतेच्या हिशेबात हा वाटा सरळ उन्हापेक्षा लहान असतो, पण डोळ्यांना तो असह्य होतो.

या उसळलेल्या प्रकाशाची गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात फार गोड आहे. १८०८ मध्ये पॅरिसला एतियेन-लुई मालुस हा अभियंता आपल्या घरातून कॅल्साइटच्या स्फटिकामधून समोरच्या लक्झेम्बर्ग राजवाड्याकडे पाहत होता. खिडक्यांच्या काचांवर मावळतीचा सूर्य चमकत होता. स्फटिक फिरवला तसा त्या चकाकीचा तेजस्वीपणा बदलत गेला. परावर्तनाने प्रकाश ध्रुवीकृत होतो, म्हणजे त्याची कंपनं एकाच दिशेत उरतात, हा शोध असा लागला. पाण्याच्या बाबतीत सूर्य साधारण ३७ अंशांवर असताना परावर्तित प्रकाश जवळजवळ पूर्ण ध्रुवीकृत होतो, आणि मग योग्य कोनात धरलेला स्फटिक पाण्यावरची चकाकी पुसून टाकतो.

या एका युक्तीवर सी. व्ही. रामन यांनी समुद्राचा रंग तपासला. १९२१ च्या सप्टेंबरात ते इंग्लंडहून ‘नारकुंडा’ बोटीने मुंबईला परतत होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे पाण्यात दिसणारं आकाशच, असं लॉर्ड रॅले यांचं मत होतं. रामन यांनी डेकवरून, तशाच स्फटिकाच्या निकोल लोलकातून, नेमक्या कोनात, पाण्याकडे पाहिलं. आकाशाचं प्रतिबिंब त्या लोलकाने गाळून टाकलं आणि समुद्र फिका पडण्याऐवजी अधिक गडद निळा दिसला. म्हणजे निळाई पाण्याच्या आतूनच येत होती, रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशातून. मुंबई बंदरातूनच त्यांनी ‘नेचर’ला पत्र धाडलं. २८ फेब्रुवारी १९२८ चा ‘रामन परिणामा’चा शोध आपण दरवर्षी विज्ञान दिनाला आठवतो, १९३० चं नोबेलही पाठ असतं. पण त्या वाटेवरचं पहिलं ठाम पाऊल बोटीच्या कठड्याशी उभं राहून, खिशात मावणाऱ्या उपकरणाने टाकलं गेलं. शाळेच्या पुस्तकांत त्याला आजच्याहून कितीतरी जास्त जागा मिळायला हवी. कुठल्याही तळ्याकाठी पोलराइज्ड चष्मा लावून मान तिरपी केली, तर रामन यांनी पाहिलं ते कुणालाही पाहता येतं.

चष्मा डोळे वाचवतो, खोली वाचवत नाही. तिथे पुन्हा मोजपट्टी हाती घ्यावी लागते, आणि दिनदर्शिकाही. धरणाचं पाणी मे महिन्यात ओसरलेलं असतं. ऑक्टोबरात ओसरीच्या पुढ्यात असलेली पाण्याची कड तेव्हा कुठच्या कुठे गेलेली असते आणि मधे उघडा पडलेला काळा गाळ फारसा प्रकाश परत फेकत नाही. पाण्यावरची चकाकी खऱ्या अर्थाने सतावते ती तलाव तुडुंब असताना, ऑक्टोबर ते जानेवारीच्या संध्याकाळी. आणि डिसेंबरात सूर्य मावळतो पश्चिमेच्या २५ अंश दक्षिणेला, जूनमध्ये २५ अंश उत्तरेला. म्हणजे उन्हाळ्यातलं तापतं ऊन वायव्येच्या बाजूने सरळ येतं आणि हिवाळ्यातली चकाकी नैर्ऋत्येच्या बाजूने, पाण्यावरून. दिशा दोन, ऋतू दोन. एकच महागडी वस्तू लावून दोन्ही सुटतील असं सांगणाऱ्या विक्रेत्याला हे दोन कोन विचारावेत.

लोणारला निसर्गाने हे कोडं स्वतःच सोडवलं आहे. विवराचा काठ सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा आणि तळ त्याच्या खाली सुमारे १३७ मीटर. तळ्याच्या मध्यावरून पाहिलं, तर काठ क्षितिजापासून जवळजवळ नऊ अंश वर चढलेला दिसतो. म्हणून तिथला सूर्यास्त वरच्या गावातल्यापेक्षा साधारण ३५ ते ४० मिनिटं आधी होतो. ज्या कोनांत पाणी सर्वांत जास्त चकाकतं, त्या कोनांतलं ऊन तळ्याच्या मध्यापर्यंत पोचतच नाही.

सपाट काठावरच्या घराला चकाकी अडवण्याचं बरंचसं काम कठड्याकडून करून घेता येतं. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतात. त्याच्यापासून सहा फुटांवर तीन फूट उंचीचा भरीव कठडा असेल, तर सूर्य दहा अंशांच्या खाली येईपर्यंत पाण्यावरची चकाकी त्या कठड्यामागे लपते आणि पलीकडचा काठ, आकाश, बगळे सगळं दिसत राहतं. हल्लीच्या स्टीलच्या किंवा काचेच्या रेलिंगला हे जमत नाही. रेलिंग बसवून झालंच असेल, तर त्याला आतून चटई किंवा बांबूचा तट्टा बांधला तरी काम होतं. वरून सोडलेली चिक इथे उलटी ठरते: ती आकाश झाकते आणि खालची फट नेमकी चकाकीसाठी मोकळी ठेवते.

मेच्या सरळ उन्हाला मात्र चिक उत्तम, फक्त ती काचेच्या बाहेर हवी. ऊन एकदा काचेतून आत आलं आणि आतल्या पडद्यावर पडलं, की पडदा तापतो आणि त्याची उष्णता खोलीतच राहते, कारण काच ती सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. चार फूट बाय चार फुटांच्या पश्चिमेच्या खिडकीवर मेच्या संध्याकाळी, निरभ्र आकाशात, साधारण पाऊण किलोवॉट ऊर्जा पडत असते. ती उंबऱ्याबाहेर अडवणं आणि आत घेऊन मग कूलरने काढणं, यात विजेच्या बिलाचा फरक आहे.

शेडनेटबद्दल या जिल्ह्यात कुणी कुणाला शिकवावं अशी परिस्थिती नाही. देऊळगावराजा-सिंदखेडराजा भागातले शेतकरी शेडनेटखाली भाजीपाल्याचं बीजोत्पादन घेतात आणि पन्नास टक्क्यांची जाळी कुठे, पंच्याहत्तरची कुठे, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. घरासाठी दोन गोष्टी तेवढ्या सांभाळायच्या. जाळी भिंतीला चिकटवू नये, हातभर अंतर सोडावं, म्हणजे तापलेली हवा वर निघून जाते. आणि ती सोडवता येईल अशी बांधावी. उघड्या पाण्यावरून येणाऱ्या वळिवाच्या वाऱ्याला वाटेत अडथळा नसतो, आणि घट्ट ताणलेली जाळी शिडासारखी फुगून खांबासकट उखडते.

सगळ्यांत टिकाऊ सावली झाडाची, पण वेळापत्रक बघून निवडलेल्या झाडाची. पळस देखणा, पण ऐन मार्चमध्ये निष्पर्ण. कडुनिंब पान झडून एप्रिलपर्यंत पुन्हा भरतो. करंज त्याहून योग्य: तो मुळातच ओढ्या-नद्यांच्या काठचा, उन्हाळ्याच्या तोंडावर पान टाकतो आणि एप्रिल-मेमध्ये पोपटी पालवीने गच्च होतो, नेमका पाहिजे तेव्हा. पंचवीस फुटांच्या करंजाची सावली मेच्या संध्याकाळी पाच वाजता पन्नास फुटांहून लांब पडते, त्यामुळे झाड भिंतीला खेटून लावायची गरज नाही. घराच्या पश्चिमेला, किंचित वायव्येकडे, तीस-पस्तीस फुटांवर दोन-तीन करंज पुरतात. लावायचे ते पहिला चांगला पाऊस झाल्यावर, आणि धरण पूर्ण भरतं तेव्हाच्या पाण्याच्या रेषेच्या वर. ती रेषा शेजारच्या शेतकऱ्याला विचारली तर तो हात करून दाखवतो. झाड उंच होईपर्यंतच्या उन्हाळ्यांसाठी बांबूच्या चौकटीवरची पंच्याहत्तर टक्क्यांची जाळी त्याच जागी उभी करावी. तिची सावली भिंतीवर कुठवर पोचते, हे मेमध्ये खडूने आखून ठेवलं की जाळी कुठे हलवायची तेही कळतं.