सुटका होते, पण कोणाच्या जामिनावर?

फेब्रुवारी २०२१ मध्ये पुण्यातला एक टोळीप्रमुख तळोजा कारागृहातून सुटला, तेव्हा त्याला न्यायला शेकडो मोटारी आल्या होत्या. द्रुतगती मार्गावरची ती मिरवणूक लोकांनी मोबाइलवर पाहिली, मग पोलिसांनी गुन्हे दाखल केले, आणि ‘हे लोक तुरुंगात जाऊन सुधारतात तरी का?’ हा आपला जुना प्रश्न पुन्हा चर्चेला आला. पण तुरुंगाच्या दारातून रोज बाहेर पडणाऱ्यांत असा माणूस अपवादानेच असतो. बाकीच्यांना न्यायला बहुधा कोणी आलेले नसते. मोबाइलचोरी, पाकीटमारी, नशेपायी केलेली घरफोडी, वस्तीतली हाणामारी अशा गुन्ह्यांत ते आत जातात, काही महिन्यांनी सुटतात आणि पुन्हा आत येतात. मला या लेखात बोलायचे आहे ते यांच्याविषयी.

सिनेमाने आपल्या डोक्यात तुरुंगाचे एक चित्र पक्के बसवले आहे. पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, खडी फोडणारे हात. ते जिथे कुठे खरे असेल तिथे ते शिक्षा झालेल्यांचे आहे, आणि आपल्या तुरुंगांत शिक्षा झालेले मुळातच थोडे. २०२२ च्या अखेरीस देशभरातल्या कारागृहांत ५,७३,२२० माणसे होती. जागा ४,३६,२६६ जणांची. आतल्या माणसांपैकी ४,३४,३०२ जणांचा खटला अजून चालू होता किंवा सुरूच झाला नव्हता. म्हणजे चारांतले तीन. महाराष्ट्रात हे प्रमाण त्याहूनही थोडे जास्त आहे. सरकारी कागदावर हे ‘न्यायाधीन बंदी’, बोलण्यात ‘कच्चे कैदी’. कायद्याच्या नजरेत ते निर्दोष. निर्दोष म्हणून त्यांच्यावर कामाची सक्ती नाही, आणि सक्ती नाही म्हणून बहुधा कामही नाही. येरवड्यातल्या विणकामाच्या, सुतारकामाच्या कारखान्यांचे कौतुक पुरवण्यांत छापून येते, ते पक्क्या कैद्यांचे. कच्च्याच्या वाट्याला येतो नुसता वेळ.

सकाळी बराक उघडते, गिनती होते, चहा-नाश्ता होतो. शहरातली माणसे ऑफिसला पोचत असतात त्या सुमारास आत दुपारचे जेवणही वाटून होते. दुपारी पुन्हा काही तास बंदी. संध्याकाळचे जेवण ऊन असतानाच हातात पडते, कारण अंधाराच्या आत सगळ्यांना मोजून कुलूप लावायचे असते. ते झाकून ठेवायचे आणि भूक लागेल तेव्हा गार खायचे. मग सकाळपर्यंत बाहेर पडणे नाही. कारागृहांच्या आदर्श नियमावलीप्रमाणे बराकीत माणशी ३.७१ चौरस मीटर जागा हवी. शंभर वर्षांपूर्वी ८०४ माणसांच्या हिशेबाने बांधलेल्या मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात अनेकदा तीन हजारांवर माणसे असतात, तिथे हा हिशेब कोणी मांडतही नाही. लोक कुशीवर झोपतात. एकाला वळायचे तर शेजाऱ्यालाही वळावे लागते. संडासाजवळची जागा नव्या माणसाची, पंख्याखालची ज्याची ओळख किंवा ऐपत आहे त्याची.

ऐपत आतही चालते. ज्याची मनीऑर्डर येते तो कॅन्टीनमधून साबण, बिस्किटे, फरसाण घेतो. ज्याची येत नाही तो त्याचे कपडे धुतो, भांडी घासतो, कधी पाय दाबतो. सिनेमात दाखवतात तशी मारामारी रोजची नसते. रोजचे असते ते कंटाळा, खरूज आणि तारीख. तारखेला न्यायला पोलिसांची गार्ड मिळाली नाही की तारीख हुकते. व्हिडिओवर हजेरी झाली तर ती अर्ध्या मिनिटात उरकते आणि पुढची तारीख पडते. आपला वकील कोण, तो आज आला होता का, हेही अनेकांना ठाऊक नसते. आणि सबंध दिवस, सबंध रात्र ज्यांच्याशी बोलायचे, त्यांतला कोणीतरी दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा आलेला असतो. त्याला कायदा तोंडपाठ, वकिलांचे दर तोंडपाठ. नवख्या पोराला तुरुंगात गुन्ह्याचे शिक्षण मिळते असे म्हणतात. माझ्या मते शिक्षणापेक्षा त्याला तिथे ओळखी मिळतात, आणि पुढे उपयोगी पडतात त्या ओळखीच.

त्या उपयोगी पडतात जामिनाच्या वेळी. ऑक्टोबर २०२१ मध्ये शाहरुख खानच्या मुलाला उच्च न्यायालयाने जामीन दिला, जामीनदार म्हणून जुही चावला उभी राहिली, तरी आदेश वेळेत आर्थर रोडच्या जामीनपेटीत न पडल्यामुळे त्याला एक रात्र जास्त काढावी लागली. पुढे त्याच्यावर आरोपपत्रच दाखल झाले नाही. त्या एका रात्रीवर देशभर चर्चा झाली. ज्यांना जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून महिनोन् महिने आत राहावे लागते, त्यांची चर्चा कोण करणार? जामीनदाराकडे रेशनकार्ड हवे, पगाराची पावती किंवा मालमत्तेचा कागद हवा. बिहारहून किंवा मराठवाड्यातून आलेल्या, पुलाखाली किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाने असा माणूस मुंबईत कुठून आणायचा? १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. खुद्द सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला असताना खालच्या न्यायालयाने दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि त्याच्या भावाचा जामीन नाकारला, कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर कडक शब्दांत लिहिले आणि हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितले. निकाल आजही कायदा आहे. कोर्टाच्या आवारात मात्र पैसे घेऊन जामीन राहणारे आजही सापडतात.

मग आतल्या ओळखीतला कोणीतरी म्हणतो, ‘चिंता करू नको, भाई बघतील.’ भाई वकील देतात, जामीनदार देतात, घरी चार पैसे पोचवतात. हे सगळे उसने असते, आणि बाहेर आल्यावर त्याची फेड रोख रकमेत मागितली जात नाही. माणूस पुन्हा गुन्हा का करतो याची मानसशास्त्रीय कारणे मी नाकारत नाही, नशा तर फारच मोठे कारण आहे. पण या उसनवारीकडे आपण पुरेसे पाहत नाही असे मला वाटते.

ज्याच्यामागे भाई नसतो त्याची गत वेगळी. चार-सहा महिन्यांत भाड्याची खोली गेलेली असते, नाक्यावरच्या मुकादमाने दुसरा गडी धरलेला असतो, आधार कार्ड आणि मोबाइल मुद्देमालात अडकलेले. वस्तीत चोरी झाली की पोलीस आधी रेकॉर्डवरच्यांच्या दारात येतात. गणपती आले, निवडणूक आली की चॅप्टर केस, म्हणजे प्रतिबंधक कारवाई. त्याहून पुढे तडीपारी, म्हणजे ज्या जिल्ह्यात नातेवाईक आणि काम असेल तिथूनच त्याला बाहेर काढायचे. पारध्यांच्या पोरांना तर हे सोसायला एकदाही आत जावे लागत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा जमातींवर जन्मालाच शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ मध्ये गेला, या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या, आणि कायद्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतली जातीवर आधारलेली कलमे रद्द केली, आणि ‘सराईत’ या नावाखाली विमुक्त जमातींना गोवणेही चालणार नाही असे बजावले.

शिवाय पुन्हा आत येणारा प्रत्येक जण पुन्हा गुन्हा करूनच येतो असेही नाही. रोजंदारीवरचा माणूस तारखेला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवतो. दोन तारखा चुकल्या की अजामीनपात्र वॉरंट निघते आणि जुन्याच केसमध्ये तो पुन्हा बराकीत दाखल होतो. दुसरी वेळ म्हणून जामीन आणखी अवघड. अशा वेळी बरेच जण गुन्हा कबूल करून मोकळे होतात: जितके दिवस आत काढले तितकी शिक्षा, आणि आजच सुटका. व्यवहार तसा सोपा वाटतो. त्याची किंमत नंतर कळते, कारण आता तो सिद्धदोष झालेला असतो. भारतीय न्याय संहितेत पहिल्या वेळच्या, पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या चोरीला वस्तू परत केल्यास समाजसेवेची शिक्षा आहे. दुसऱ्यांदा दोष सिद्ध झाला तर किमान एक वर्ष सक्तमजुरी.

म्हणूनच आपल्याकडच्या ‘पुन्हा गुन्हा’च्या आकड्यांवर माझा फारसा विश्वास नाही. शिक्षा झालेल्यांमध्ये सराईत दोन टक्क्यांच्या आसपास, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची (एनसीआरबी) आकडेवारी सांगते. वाचून आनंद व्हावा असा आकडा. पण आत-बाहेर करणाऱ्यांतले बहुसंख्य त्या मोजणीत बसतच नाहीत, कारण त्यांचे खटलेच निकालाला पोचलेले नसतात.

सुधारणांचा रोखही असाच चुकतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदा आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचे, इतरांना अर्ध्यावर. कलम चांगले आहे. मात्र त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात एकाहून अधिक प्रकरणे चालू असलेल्यांना वगळले आहे, आणि चोरीत धरलेल्या पोरावर जवळपासच्या चार जुन्या चोऱ्या टाकायला वेळ लागत नाही.

औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. भिंत नसलेली वसाहत, कैदी शेती करतात आणि बायकामुले सोबत राहू शकतात. शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’ला प्रेरणा तिथलीच. महाराष्ट्राला अभिमान वाटावा असा तो प्रयोग आहे, पण तिथे जायला आधी शिक्षा व्हावी लागते, तिचा काही भाग आत चांगल्या वर्तणुकीत काढावा लागतो. रागाच्या भरात एकदा खून केलेला शेतकरी तिथे पोचतो. तो पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता तशीही कमीच असते. मोबाइलचोर तिथपर्यंत कधी पोचत नाही. मे २०२२ मध्ये येरवड्यात सुरू झालेल्या ‘जिव्हाळा’ योजनेचेही तेच. राज्य सहकारी बँक कैद्याला ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज देते, घरच्यांसाठी किंवा वकिलासाठी, आणि फेड त्याच्या तुरुंगातल्या मजुरीतून होते. कच्च्या कैद्याला मजुरी नाही, म्हणून कर्जही नाही. त्याला लागणारे दहा-पंधरा हजार तो अजून भाईकडूनच घेतो.