एवढुश्या चकतीनं काय होते?

“एवढुश्या चकतीनं काय होते वं?” सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्या पोटात गोळाच आला.

लेकीच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाला महिना उरला होता. पांढरा फ्रॉक शिवायला टाकलेला, पाहुण्यांना निरोप गेलेले. मी मात्र त्या कागदासारख्या पातळ, रुपयाएवढ्या चकतीला घाबरून बसले होते. चकती गव्हाची, आणि माझ्या लेकीला गहू चालत नाही.

मैत्रिणींनो, ‘चालत नाही’ म्हणजे आवडत नाही असं नव्हे. तिला सिलिअॅक आजार आहे. गहू आणि जवात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळली की जो चिवटपणा येतो, तो त्याचाच. ते पोटात गेलं की अशा माणसाचं शरीर स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर उठतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. जुलाब, फुगलेलं पोट, कमी रक्त, खुंटलेली उंची... आमची पोर तशीच होती. गडचिरोलीत रक्त कमी म्हटलं की आधी सिकलसेल तपासतात, आणि ते बरोबरच आहे. तो निघाला नाही. मग जंताच्या गोळ्या, लोहाचं औषध, टॉनिक यात दोन वर्षं गेली. शेवटी नागपूरला रक्ताची खास तपासणी झाली, दुर्बिणीनं आतड्याचा तुकडा तपासला, तेव्हा आजाराचं नाव कळलं. उपाय एकच, जन्मभर गहू बंद!

तसं अहेरीत गहू सोडणं फार अवघड नाही हो. प्राणहितेच्या काठची आम्ही भात खाणारी माणसं. बिस्किटं, शेवया, रवा बंद केला. हिंगसुद्धा बदलला, कारण बाजारच्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. गिरणीत गव्हामागून ज्वारी दळायची नाही, हेही शिकले. घरातला गहू गेला. उरला तो वेदीवरचा.

“फादर, मीच तांदळाची चकती करून दिली तर?” मी विचारलं.

“नाही चालणार, ताई,” ते हळूच म्हणाले.

येशूच्या शेवटच्या भोजनाची परंपरा म्हणून कॅथलिक चर्चमध्ये भाकर गव्हाचीच लागते. रोमनं २००३ साली आणि पुन्हा २०१७ साली हे स्पष्ट केलं. ग्लुटेन अजिबात नसलेली चकती चालत नाही, अगदी कमी असलेली चालते. २००४ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका ८ वर्षांच्या मुलीनं तांदळाच्या चकतीनं घेतलेला पहिला ख्रिस्तप्रसाद अवैध ठरवला गेला. ते ऐकून मला रडूच आलं. भाताच्या मुलखात राहून भात चालू नये!

पण वाट होती. अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या क्लाइड इथल्या बेनेडिक्टाइन सिस्टर्सनी अनेक वर्षं खटपट करून गव्हाच्याच स्टार्चची, फक्त ०.०१ टक्का ग्लुटेनची चकती तयार केली. तिला चर्चची मान्यता आहे. पण ती अहेरीला आणायची कशी? दुसरी वाट जवळची होती. नुसता द्राक्षारस घेतला तरी ख्रिस्तप्रसाद पूर्ण होतो, त्यात काही उणं राहत नाही.

फक्त पेला वेगळा हवा. आमचा भाग बल्लारपूरच्या चांदा धर्मप्रांतात येतो, उपासना केरळच्या सिरो-मलबार रीतीची. मुख्य पेल्यातल्या द्राक्षारसाला चकतीचा स्पर्श होतो, पुष्कळदा ती बुडवूनच देतात. त्या पेल्यातला घोट लेकीला चालणार नाही. म्हणून लहान पेला सुरुवातीपासून बाजूला ठेवायचा, त्यावर झाकण घालायचं, आणि चकत्यांना हात लावण्याआधी तो लेकीला द्यायचा, असं ठरलं. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत एवढा कडक नियम नसतो. तिथे पाळकांशी बोलून तांदळाची भाकर ठेवता येते.

मग सासूबाईंना हिशेब सांगितला. चकती पाव ग्रॅमची धरली तरी तिच्यात २० मिलिग्रॅमच्या आसपास ग्लुटेन. बहुतेक रुग्णांना दिवसभरात १० मिलिग्रॅमपर्यंतच सोसतं. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पाहते तर पांढऱ्या कापडाचा चौकोनी तुकडा घेऊन कडेला बारीक टाके घालत बसलेल्या. “त्या लहान पेल्यावर झाकाले,” म्हणाल्या.

त्या रविवारी लेक रांगेत सगळ्यांच्या पुढे होती. एक घोट घेतला, हात जोडले, परत येऊन माझ्या कानात म्हणाली, “आई, आंबट लागलं!” मी हसले. डोळे मात्र भरून आले.

मैत्रिणींनो, हे फक्त चर्चपुरतं नाही. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा, गुरुद्वाऱ्यातला कडाप्रसाद कणकेचा. एखादं मूल हात मागे घेत असेल तर “प्रसादाला नाही म्हणू नये” असं म्हणू नका. त्याच्यासाठी केळं, नारळाचा तुकडा वेगळ्या ताटलीत ठेवा. आणि तुमच्या मुलाचं पोट वारंवार बिघडत असेल, वाढ खुंटली असेल, तर डॉक्टरांना सिलिअॅकबद्दल जरूर विचारा. पण तपासणीआधी आपल्या मनानं गहू बंद करू नका, नाहीतर तपासणीत आजार दिसतच नाही.

सासूबाईंचं ते झाकण आता दर रविवारी चर्चला जातं. धुऊन, घडी घालून त्याच ठेवतात. मला हात लावू देत नाहीत!