वार्धक्यातील ‘करणे’ : एका क्रियापदाचा अर्थविचार

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्यात बेलापूर बुद्रुक व बेलापूर खुर्द अशी दोन गावे आहेत. ह्यांतील ‘बुद्रुक’ हे फारसी ‘बुजुर्ग’ ह्या शब्दाचे मराठी रूप होय. फारसीत त्याचा अर्थ ‘मोठा’. हिंदी-उर्दूत तोच शब्द वयोवृद्ध माणसासाठी रूढ आहे. मोठेपणा व वय ह्यांची ही सांगड मराठीलाही परकी नाही. ‘म्हातारा’ हा शब्द संस्कृत ‘महत्तर’पासून आणि ‘वडील’ हा प्राकृत ‘वड्ड’पासून आलेला आहे, ‘वृद्ध’ म्हणजे धात्वर्थाने वाढलेला. उलटपक्षी ‘जरा’, ‘जीर्ण’ व ‘जर्जर’ हे शब्द झिजण्याचा अर्थ सांगणाऱ्या धातूपासून सिद्ध झाले आहेत. वार्धक्याचा मान आणि वार्धक्याची झीज ह्या दोहोंसाठी भाषेपाशी असे विपुल शब्द आहेत. परंतु झिजत्या देहाची काळजी कोणी व कशी घ्यावयाची, ह्या प्रश्नापाशी आले की आपली नित्याची बोली एकाच क्रियापदावर भिस्त ठेवते. ते क्रियापद म्हणजे ‘करणे’. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार योजिला आहे.

‘आईचे करायला कोणी नाही’, ‘सुनेने सासऱ्यांचे शेवटपर्यंत केले’ ही वाक्ये कोणत्याही गावात ऐकू येतील. ह्यांत षष्ठ्यन्त पदापुढे यावयाचे नाम अध्याहृत असते. काय करावयाचे ते सर्वांस कळते, म्हणून कोणी ते उच्चारीत नाही. व्याकरणदृष्ट्या ही मोठी सोय आहे. व्यवहारात मात्र तिच्यामुळे एक मोठा भार अदृश्य राहतो. अमेरिकन वैद्य सिडनी कॅट्झ व त्यांचे सहकारी ह्यांनी १९६३ साली वृद्धांच्या स्वावलंबनाचे मोजमाप करण्यासाठी सहा दैनंदिन क्रिया निश्चित केल्या : स्नान, वस्त्रे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठणे-बसणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवणे. १९६९ साली लॉटन व ब्रॉडी ह्यांनी स्वयंपाक, बाजारहाट, औषधे वेळेवर घेणे, पैशाचा हिशेब, प्रवास अशा क्रियांची दुसरी यादी दिली. ‘करणे’ ह्या एका शब्दात ह्या दोन्ही याद्या सामावल्या आहेत. त्या सुट्या करून पाहिल्या, की ज्या एका व्यक्तीकडे (बहुधा सुनेकडे किंवा लेकीकडे) हे सारे न विचारता सोपविलेले असते, तिच्या वाट्याला किती काम येते हे स्पष्ट होते.

हा भार लांबणीवर टाकता येतो, हे आरोग्यशास्त्राचे पहिले सांगणे आहे. मराठीत निरोगी वृद्धाला ‘हातीपायी धड’ म्हणतात, आणि हा वाक्प्रचार आधुनिक व्याख्येच्या फार जवळ जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या अहवालात निरोगी वार्धक्य म्हणजे रोगाचा अभाव असे न मानता स्वतःची कामे करण्याची क्षमता टिकणे, असे मानले. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, आणि तीन दिवस तोल व स्नायुबल राखणारे व्यायाम करावेत, अशी तिची २०२० ची शिफारस आहे. तोल जाऊन पडणे व मांडीचे हाड मोडणे, ही अनेकांच्या परावलंबनाची पहिली पायरी असते. म्हणून न्हाणीतील निसरडी फरशी, रात्रीचा अंधार व भिंतीला नसलेला धरावयाचा कठडा ह्यांकडे औषधांइतकेच लक्ष द्यावयास हवे.

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण येथे अपायकारक ठरते. स्मृतिभ्रंश हा रोग आहे, वयाचा धर्म नव्हे. परंतु म्हणीने त्याला धर्म ठरविल्यावर तपासणी कोण करणार? ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची जी १४ टाळता येण्याजोगी कारणे नोंदविली, त्यांत श्रवणदोष व उपचार न झालेला दृष्टिदोष ही दोन्ही आहेत. ज्याला कमी ऐकू येते तो हळूहळू संभाषणातून बाहेर पडतो. घरातील निर्णयही मग त्याला वगळून होऊ लागतात.

ह्या निर्णयांपैकी सर्वांत महत्त्वाचा जमिनीचा. शेतीप्रधान गावांत ‘करणे’ हे क्रियापद आणखी एका जागी येते : ‘जमीन मुलाच्या नावावर करणे’. आईवडिलांनी नावावर करावयाचे आणि मुलांनी त्यांचे करावयाचे, असा हा अलिखित करार आहे. त्याचा पूर्वार्ध मुद्रांकावर नोंदविला जातो. उत्तरार्ध विश्वासावर राहतो. आईवडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या चरितार्थ व कल्याणाविषयीच्या २००७ च्या अधिनियमातील कलम २३ ही विषमता दूर करते. मूलभूत गरजा पुरविण्याच्या अटीवर ज्येष्ठ नागरिकाने बक्षीसपत्राने वा अन्य प्रकारे मालमत्ता दिली आणि ती अट पाळली गेली नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. महाराष्ट्रात हे काम उपविभागीय अधिकाऱ्यांकडे आहे. मात्र अशी अट होती हे दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. २ जानेवारी २०२५ च्या निर्णयात त्याच न्यायालयाने ह्या कलमाचा अर्थ वृद्धांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे लावण्यावर भर दिला. तात्पर्य, सांभाळाची अट दस्तातच लिहावी. मृत्युपत्र केल्यास मालकी हयातीत स्वतःकडेच राहते व ते बदलताही येते, हेही ध्यानात ठेवावे.

शासनाच्या साहाय्याचीही मर्यादा ओळखावी. निराधार वृद्धांसाठीच्या राज्य निवृत्तिवेतन योजनेला ‘श्रावणबाळ’ हे नाव आहे. म्हणजे पुत्राच्या अभावी शासन पुढे येते तेही पुत्राच्याच नावाने. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेखाली वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळाले. रुग्णालयातून घरी परतल्यावरचे ‘करणे’ मात्र त्यात येत नाही. त्यासाठी पैसा, माणूस व वेळ ह्यांची तरतूद कुटुंबासच करावी लागते.

शेवटचा प्रश्न उपचार कोठे थांबवावे हा. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी लिव्हिंग विल, म्हणजे अखेरच्या उपचारांविषयीचे आगाऊ इच्छापत्र, ग्राह्य ठरविले. २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची रीत सोपी झाली : दोन साक्षीदार व नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. ते बुद्धी शाबूत असतानाच करावे लागते.

‘आमचे कोण करणार?’ ह्या प्रश्नातील कर्ता शोधण्यात बहुतेक कुटुंबांची शक्ती खर्च होते. तो सापडण्यापूर्वी अध्याहृत कर्म उच्चारले पाहिजे : कोणते काम, किती काळ, कोणाच्या खर्चाने आणि कोणाच्या संमतीने. हे संभाषण वृद्ध स्वतः बोलू शकतात तोवरच व्हावयास हवे. एरवी त्यांच्याविषयीची सारी वाक्ये इतरांच्या तोंडी उरतात.