सातबाऱ्यामागचे दप्तर

कर्जत-खालापूरकडच्या वर्गात ‘सातबारा’ हा शब्द उच्चारला की मुले कान टवकारतात. घरात त्यावरून झालेले बोलणे, कधी भांडणही, त्यांनी ऐकलेले असते. मुंबई जवळ असल्याने इथल्या जमिनीला भाव आला आहे. वारसनोंदीत एका बहिणीचे नाव राहून गेले, तर तिला आपला हक्क सिद्ध करण्यात वर्षे घालवावी लागतात. मोठ्या संगणक-प्रणालीत माहिती कशी रचावी, हे समजून घ्यायला हाच कागद घेऊ.

सातबारा ही एक वही नव्हे. गाव नमुना 7 मध्ये जमीन कोणाची व कोणत्या हक्काने, ते असते. नमुना 12 मध्ये पिके. हक्क क्वचित बदलतो, पीक दर हंगामात. तेव्हा नमुने वेगळे असणे सोयीचेच. नमुना 8अ मध्ये एका खातेदाराच्या गावातल्या सर्व जमिनी एकत्र दिसतात.

म्हणजे एकच नाव अनेक ठिकाणी आले. हाताने लिहिताना एका उताऱ्यावर ‘पांडुरंग’चा अनुस्वार राहिला, की कागदोपत्री माणसे दोन! डेटाबेस रचणारा म्हणून नाव एका तक्त्यात एकदाच ठेवतो, त्याला खाते क्रमांक देतो आणि इतर तक्त्यांत फक्त तो क्रमांक लिहितो. माहिती अशा परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांत मांडण्याची कल्पना ई. एफ. कॉड यांनी 1970 मध्ये मांडली. नुसत्या नावावर ओळख का ठेवायची नाही? एका वाडीत एकाच नावाचे तिघे निघतात. जमिनीचेही तसेच. 12 क्रमांक कशेळ्यात असू शकतो आणि चौकलाही. गाव, गट किंवा सर्व्हे क्रमांक आणि हिस्सा मिळूनच ओळख पुरी होते.

माझ्या मते सर्वांत शहाणी वही नमुना 6, म्हणजे फेरफार. खरेदी, वारस, वाटणी यांची नोंद आधी इथे क्रमांकाने होते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते, मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मगच नमुना 7 बदलतो. हस्तलिखित उताऱ्यावर जुने नाव खोडून नाहीसे करीत नसत. त्याला कंस करीत. त्यामुळे जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, याचा माग मागेपर्यंत काढता येतो.

समजा 40 आरची वाटणी झाली : एकाला 25, दुसऱ्याला 15. संगणकात पहिली नोंद होताच वीज गेली तर? यासाठी दोन्ही नोंदी मिळून एकच व्यवहार मानतात. तो पुरा झाला नाही, तर मुळीच झाला नाही.

खिडकीवरचा अर्जदार दप्तरात स्वतः हात घालत नाही. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, ते उघडतात. तसाच पडदा आणि साठा यांच्यामध्ये प्रोग्रॅमचा एक थर ठेवतात. साठ्यातले वाचणे-लिहिणे त्याच्यामार्फतच. 2020 मध्ये सातबाऱ्याचे रूप बदलले. मधला थर नीट बांधलेला असेल, तर अशा वेळी छापील कागद बदलतो, साठा हलवावा लागत नाही.

मात्र चुकीची नोंदही संगणक तितक्याच इमानाने जपतो. म्हणून 2017 मध्ये संगणकीकृत सातबाऱ्यांचे चावडी वाचन झाले : उतारे गावासमोर मोठ्याने वाचायचे आणि चूक दिसेल त्याने सांगायची.

शाळेचे जनरल रजिस्टर आणि वर्गाची हजेरी शेजारी ठेवून मुलांना विचारून पाहा : एकच नाव किती वह्यांत लिहिले आहे, आणि दोन ठिकाणी वेगळे निघाले तर खरे कोणते धरायचे?