दोन घरांमधली मोकळी जागा

कोकणातली एखादी जुनी बाजारपेठ आठवून पाहा. घराला घर खेटून, मधली भिंत दोघांची मिळून एक. तिथून वाडीत गेलं, की प्रत्येक घर सुटं. पुढे अंगण, मागे परसू. महाड-पोलादपूरसारख्या ठिकाणी लहान भूखंडांवर सुटी घरं बांधायची तर नियम कसे हवेत? प्रश्न नगररचनेचा वाटतो, पण उत्तर बरंचसं भूगोलात आणि गणितात आहे.

घर आणि भूखंडाची हद्द यांमध्ये जी जागा सोडायची, तिला सामासिक अंतर म्हणतात. ते असतं उजेडासाठी, वाऱ्यासाठी आणि आग शेजारी पसरू नये म्हणून. समजा, रस्त्यालगत ३० मीटर लांबीची जमीन आहे आणि प्रत्येक घर ६ मीटर रुंद आहे. भिंतीला भिंत लावली तर ५ घरं बसतील. प्रत्येक घराच्या दोन्ही बाजूंना दीड मीटर सोडलं, तर एका घराला ९ मीटर लागतील. घरं बसतील ३. उरलेली दोन कुटुंबं कुठे जाणार? जिथे जमीन स्वस्त असेल तिथे. म्हणजे बहुधा नदीकाठी, नाहीतर डोंगरउतारावर.

आधी नदीकाठ पाहू. महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या सावित्रीला महाडजवळ गांधारी मिळते. पुढे बाणकोटच्या खाडीत भरती असेल, तर पाण्याचा निचरा मंदावतो. २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला आणि महाड शहर पाण्याखाली गेलं. २००५ च्या जुलैतही शहराने महापूर पाहिला होता.

डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत पुराच्या दोन रेषा आहेत. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात बांधायचं, तर लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटिमीटर उंच राहावं लागतं. '१०० वर्षांतून एकदा' याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता. मग ३० वर्षं उभ्या राहणाऱ्या घराला असा पूर गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, म्हणजे जवळपास चारात एक.

इथे सुट्या घरांचा एक फायदा दिसतो. आपल्या उदाहरणात ३ घरांच्या भिंती १८ मीटर. उरलेल्या १२ मीटरमधून पाणी वाहून जाऊ शकतं. पण प्रत्येकाने पक्की कुंपणभिंत घातली की हा फायदा संपला. आणि उंची गाठायला भूखंडावर भराव टाकला, तर पाणी शेजाऱ्याकडे वळतं. खांबांवर उचललेलं घर त्यापेक्षा बरं. म्हणून अंतराइतकाच कुंपणाचा आणि भरावाचा विचार नियमात हवा.

आता डोंगर. १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर विकासाला याच नियमावलीत मनाई आहे. म्हणजे ५ मीटर आडवं गेल्यावर १ मीटर चढ. पण भूखंडाचा उतार मोजून भागत नाही. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच वेळी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीलाही दरडींनी गाठलं. माती आली ती वरच्या उतारावरून. पायथ्याशी दोन घरांत कितीही अंतर ठेवलं, तरी त्याने दरड थांबत नाही.

म्हणजे क्रम असा हवा : आधी जागा सुरक्षित आहे का, मग जोतं किती उंच, आणि शेवटी दोन घरांत अंतर किती. सुरक्षित जागा थोडीच असेल, तर तिथे खेटून बांधलेली दुमजली घरंही चालू द्यावीत. सुट्या घरांच्या हट्टापायी कुणाला उतारावर लोटू नये.

१९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार आराखडा बदलताना लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्या लागतात. त्या द्यायच्या तर मोजमाप हाती हवं. दोरी, फूटपट्टी आणि पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन मुलांनी शाळेजवळच्या उताराचं प्रमाण काढावं. जुन्या माणसांना विचारून २००५ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा भिंतीवर आखाव्यात. आपलं घर त्या खुणेच्या वर आहे की खाली, हे प्रत्येकाला कळेल.