पुस्तक तेच, वाचक निराळा

माणूस वयाने कितीही वाढला, तरी बालपणी वाचलेल्या पुस्तकांचा त्याला सहसा विसर पडत नाही. काल वाचलेले वर्तमानपत्र आज आठवत नाही. पण लहानपणीच्या पुस्तकाचे फाटके मुखपृष्ठ, त्यातील चित्रे, इतकेच नव्हे तर त्याच्या पानांचा वासही पुष्कळांच्या स्मरणात असतो. असे का व्हावे बरे?

याचे एक कारण असे, की पूर्वी मुलांसाठी पुस्तके थोडीच असत. मराठी ग्रंथ छापले जाऊ लागले त्या आरंभीच्या काळात, १८२८ साली, सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ व ‘इसापनीतिकथा’ ही पुस्तके निघाली. पुढे १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओक यांनी ‘बालबोध’ हे मासिक काढले आणि १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ सुरू केले. तरीही खेड्यापाड्यांत पुस्तक ही दुर्मीळ वस्तूच होती. एखाद्याच्या घरी ते आले, की आळीभर फिरे. दुसरे नसल्यामुळे तेच दहा वेळा वाचावे लागे. आणि जे दहा वेळा वाचले, ते मनात घर करून राहिले.

दुसरे कारण याहून मोठे आहे. पुस्तकाबरोबर ते ज्यांच्या सोबतीने वाचले, ती माणसेही आठवतात.

आमचे घर कोकणातील एका खेड्यात होते. वडील नोकरीनिमित्त मुंबईस असत. घरात एकच गोष्टीचे पुस्तक होते, ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. श्याम रोज रात्री आपल्या सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो, म्हणून त्यातील प्रकरणांना ‘रात्र’ असे नाव आहे. आम्हीही रोज एकेक रात्र वाचीत असू. आजीला अक्षरओळख नव्हती. दिवेलागण झाली, की ती कंदिलाची काच पुसून ठेवी व मी मोठ्याने वाची.

त्यात श्यामच्या पोहण्याची गोष्ट आहे. श्याम पाण्याला भितो व लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारते आणि विहिरीकडे पाठविते. ते वाचून मला फार राग आला. “किती कठोर ही आई!” मी म्हणालो. आजी म्हणाली, “पुढे वाच, बाळा.” पुढे तीच आई श्यामला समजाविते, की माझ्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, म्हणून मी तसे केले. मी वर पाहिले. आजीने पदर डोळ्यांना लावला होता. का, ते मला कळले नाही.

पुष्कळ वर्षांनी माझा मुलगा शिक्षणासाठी परगावी निघाला. त्याचा पाय निघेना. मी आवाज चढवून त्याला गाडीत बसविले, घरी आलो व तीच रात्र पुन्हा वाचली. त्या वेळी मला श्यामची भीती दिसली नाही, आईचे दुःख दिसले. आणि वडिलांनी एकदा सांगितलेली गोष्ट आठवली. चौदाव्या वर्षी ते मुंबईस जाण्यास तयार नव्हते. आजीनेच त्यांना बळेबळे बोटीत चढविले होते. आजी त्या रात्री का रडली, ते मला तेव्हा समजले. तिला ते सांगावयास मात्र ती उरली नव्हती.

मुलांनो, आवडते पुस्तक एकदा वाचून झाले म्हणून टाकून देऊ नका. ते जपून ठेवा व काही वर्षांनी पुन्हा उघडा. आज न कळलेले त्यात तेव्हा सापडेल. आणि घरात कोणाला वाचता येत नसेल किंवा डोळ्यांनी नीट दिसत नसेल, तर त्यांच्याजवळ बसून मोठ्याने वाचा. तुम्ही वाचाल ती तुमची गोष्ट असेल. ऐकणाऱ्याला कदाचित तीत स्वतःची गोष्ट ऐकू येईल.